आधी फोल्डर, मग गाठोडे

उत्तर अक्षांश १८ आणि १९, पूर्व रेखांश ७३ आणि ७४ या चार रेघांमध्ये जो चौकोन पडतो, त्यात सगळा खालापूर तालुका येतो. कर्जत गाव, खोपोली, बोरघाट, लोणावळा आणि पार पुणे शहरही त्यातच येते. रायगड, राजगड, तोरणा आणि सिंहगड हे चार किल्लेही त्याच चौकोनात बसतात. एवढ्या मुलखाच्या चढउताराची नोंद एका फाइलीत मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने बहुतेक जमिनीची उंची मोजली आणि त्या मोजणीचे एकेक अंशाचे चौकोन पाडून ते सर्वांना खुले करण्यात आले. आपल्या चौकोनाचे नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडले आहे: एन१८ई०७३. त्यात ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत ३६०१ उंच्या आणि प्रत्येक उंचीला दोन बाइट. म्हणजे १ कोटी २९ लाख ६७ हजार २०१ आकडे आणि सुमारे २६ एमबीची फाइल. वाटपाच्या सोयीसाठी ती झिप करून ठेवलेली असते. कॉलेजात भूगोल शिकणारा विद्यार्थी, पाणलोटाचे काम करणारी संस्था किंवा डोंगरवाटांचे नकाशे करणारा हौशी गिर्यारोहक यांच्यापैकी कोणीही ती उतरवून घेऊ शकतो.

अडचण पुढे येते. हीच मोजणी दोन जाळ्यांमध्ये वाटली गेली. एकीत दोन नोंदींमध्ये एक सेकंद कोनाचे, म्हणजे साधारण ३० मीटरचे अंतर आहे, तर दुसरीत तीन सेकंदांचे, म्हणजे साधारण ९० मीटरचे. अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी बरीच वर्षे फक्त ९० मीटरची जाळी खुली होती. ३० मीटरची २०१४ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागली. त्यामुळे अनेकांच्या संगणकावर दोन्ही असतात. दोन्ही झिप फाइलींची बाहेरची नावे वेगळी आहेत, पण आत दडलेल्या फाइलीचे नाव दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे. दोन्ही झिप एकाच फोल्डरमध्ये सोडल्या, तर दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसू पाहते. संगणक विचारतो, “आधीची बदलायची का?” घाईत ‘होय’वर बोट पडते आणि ३० मीटरची नोंद जाऊन तिथे ९० मीटरची येते. नाव तेच, नकाशावर जागा तीच, डोंगरही तसेच दिसतात. फरक कळतो तो फाइलीचा आकार पाहिला तर: २६ एमबीच्या जागी जेमतेम २.९ एमबी. नकाशाची सॉफ्टवेअरे आकारावरूनच जाळी ओळखतात आणि निमूटपणे नकाशा काढून देतात. चूक झाली असे कोणीही सांगत नाही.

या चुकीची किंमत आकड्यात मांडता येते. एखाद्या डोंगराच्या कुशीत ३० मीटर अंतरात ३० मीटर चढ असेल, तर तो ४५ अंशांचा उतार झाला. त्यापुढचे ६० मीटर सपाट असतील, तर ९० मीटरच्या जाळीला त्या सगळ्या टप्प्यात मिळून ३० मीटरचाच चढ दिसतो आणि उतार निघतो सुमारे १८ अंशांचा. खडा कडा असा कागदावर सौम्य होतो. खालापूर तालुक्यात ही गोष्ट केवळ अभ्यासापुरती राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या उतारावरच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले. अंतराळातून केलेल्या या मोजणीवरून दरड कुठे आणि केव्हा पडेल हे कळत नाही, तसा दावा कोणी करूही नये. पण कुठले पाडे तीव्र उताराखाली आहेत याची पहिली चाळणी लावायला हीच माहिती वापरली जाते, आणि ती चाळणी कुठल्या जाळीवर लावली हे लावणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर पुढचे सगळे काम डळमळीत पायावर उभे राहते.

यावर कोणी म्हणेल, फाइलीचे नाव बदलून टाका, प्रश्न मिटला. इथेच या उदाहरणातली खरी गोम आहे. या फाइलीत उंचीच्या आकड्यांखेरीज काहीही नाही. ती पृथ्वीवर कुठली आहे हे तिच्या आत लिहिलेले नाही. ते फक्त नावात आहे. नाव बदलले की सॉफ्टवेअरला सह्याद्री सापडत नाही. नाव बदलता येत नाही आणि नावावरून जाळी कळत नाही, तेव्हा हा फरक सांगायला एकच जागा उरते: ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरचे नाव. माझे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. झिप फाइल सोडायची ती तिच्यासाठी केलेल्या नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये. जिथे आधीपासून काही पडलेले आहे तिथे कधीही नाही. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने भाताचे अनेक वाण दिले. कर्जत-३ आणि कर्जत-७ ची पोती एकाच खळ्यावर सोडली, तर मिसळलेले बियाणे पुन्हा निवडून वेगळे करायला कोणी बसत नाही. ते बियाणे म्हणून बादच होते. फाइलींचेही तसेच आहे.

हे पटण्यासाठी झिप म्हणजे काय हे थोडे उलगडून पाहायला हवे. फिल कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रामरने १९८९ मध्ये ही पद्धत आणली आणि तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. ती जगभर रुजली याचे हे मोठे कारण आहे. झिप दोन कामे एकदम करते. अनेक फाइली एका गाठोड्यात बांधते आणि प्रत्येक फाइल दाबून लहान करते. दाबण्याची युक्ती दोन जुन्या कल्पनांच्या जोडणीतून आली. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये दाखवले की मजकुरात एखादा तुकडा पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतके उचल’ एवढी खूण ठेवली तरी पुरते. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची रीत सांगितली होती. मराठी मजकूर या युक्तीला फार छान दाद देतो. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘खालापूर’ या शब्दात कान्यामात्रांसह सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. पण त्या तीनांपैकी पहिला बाइट सगळ्या देवनागरी चिन्हांना एकच असतो आणि दुसरा फक्त दोनांपैकी एक. शिवाय गावांच्या यादीत ‘तालुका खालापूर, जिल्हा रायगड’ हे शब्द ओळीओळीला येतात. इतकी पुनरुक्ती असल्यावर यादी झिप केल्यावर आकार भराभर उतरतो.

या बांधणीत एक बारीक गोष्ट आहे आणि ती आपल्या मुद्द्याला थेट भिडते. झिपच्या आत काय काय आहे याची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते. घाटात रेंज गेली आणि डाउनलोड नव्वद टक्क्यांवर तुटले, तर जवळजवळ सगळा ऐवज येऊनही फाइल उघडत नाही, कारण नेमकी यादीच आलेली नसते. यादी शाबूत असली तरी बाहेरून पाहणाऱ्याला काही समजत नाही. आत एकच फाइल आहे की चारशे आहेत, त्या एका फोल्डरमध्ये नीट ठेवलेल्या आहेत की सुट्या, त्यांची नावे आपल्याकडच्या फाइलींशी जुळतात की नाही, यातले काहीही झिपच्या चित्रावर दिसत नाही. बांधणाऱ्याने कशी बांधली ते त्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. चारशे सुट्या फाइली ‘डाउनलोड्स’मध्ये सांडल्या की आपल्या आधीच्या फाइली कुठल्या आणि नव्या कुठल्या हे ओळखणेही अवघड होते. युनिक्सच्या जगात टेपवर साठवण्यासाठी केलेल्या ‘टार’ गाठोड्यांच्या काळापासून लोक अशा सुट्या बांधणीला ‘टारबॉम्ब’ म्हणत आले आहेत. ज्याच्या आत काय आहे ते ठाऊक नाही, ते रिकाम्या जागी सोडावे. यात अतिसावधपणा नाही, हे साधे तर्काला धरून आहे.

नेहमीचा आक्षेप असा की सोडायचेच कशाला. झिपवर दोनदा क्लिक केले की ती फोल्डरसारखी उघडते आणि आतले सगळे दिसते. विंडोजने ही सोय पंचवीसेक वर्षांपूर्वी दिली आणि तिच्यामुळे एक गैरसमज घट्ट बसला. ते उघडणे नव्हे, डोकावणे आहे. आतल्या फाइलीवर क्लिक केले की विंडोज तेवढ्या एका फाइलीची प्रत कुठल्या तरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते आणि ती दाखवते. बाकीच्या फाइली आतच राहतात. आयकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटी झिपमध्ये येते. ती झिपमध्येच उघडून तासभर आकडे भरले, तर ते आकडे मूळ झिपमध्ये जात नाहीत; तात्पुरत्या फोल्डरची साफसफाई झाली की तेही जातात. जीएसटीचे ऑफलाइन टूलही झिपमध्येच येते, आणि जो प्रोग्राम आपल्या शेजारच्या फाइलींवर चालतो तो एकटा बाहेर काढला की सुरूच होत नाही. नकाशांच्या ‘शेपफाइल’ची तर रचनाच अशी आहे: नाव एकवचनी, पण प्रत्यक्षात किमान तीन फाइली. एकीत आकार, दुसरीत अनुक्रम, तिसरीत गावांची नावे आणि इतर माहिती. बहुतेक वेळा चौथीत अक्षांश-रेखांशांची पद्धत. चारही एका फोल्डरमध्ये, एकाच नावाने, शेजारी शेजारी असतील तरच तालुक्याची सीमा नकाशावर जागेवर बसते. डोकावून एक उचलली तर हाती काही लागत नाही.

याहून जवळचे उदाहरण आपले सरकार सेवा केंद्रातले आहे, किंवा खोपोली-कर्जतच्या बाजारातल्या कुठल्याही झेरॉक्स आणि इंटरनेटच्या दुकानातले. तिथला संगणक एकाचा नसतो. दिवसभरात अनेक लोकांची कागदपत्रे त्याच्यावरून जातात. आधारची ऑफलाइन ई-केवायसी झिपमध्ये मिळते, आणि ती उतरवताना आपणच ठरवलेला चार अंकी शेअर कोड दिल्याशिवाय उघडत नाही. आत एक एक्सएमएल फाइल असते. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो. पूर्ण आधार क्रमांक नसतो, पण माणूस ओळखायला एवढे पुष्कळ आहे. कुलूप आहे ते झिपला. एकदा कोड देऊन फाइल बाहेर काढली की बाहेरच्या प्रतीला कुलूप नाही. ती ‘डाउनलोड्स’च्या गर्दीत सुटी पडली, तर काम झाल्यावर गिऱ्हाईक समाधानाने झिप पुसते आणि उघडी प्रत तिथेच राहते, कारण ती कुठे गेली हे कोणाच्या लक्षातच नसते. तीच नव्या फोल्डरमध्ये सोडली असती, तर काम संपल्यावर तो फोल्डर आणि झिप अशा दोनच गोष्टी पुसायच्या, मग रिसायकल बिन रिकामे करायचे. सोडताना केलेली वेगळी जागा आवरताना उपयोगी पडते, आणि माझ्या मते या सवयीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

आता दुसरे आक्षेप. एक असा की हल्लीचे फाइल मॅनेजर हे आपणहून करतात. बऱ्याच अंशी खरे आहे. विंडोजचे ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्याच नावाचा फोल्डर सुचवते. मॅकवर आत एकाहून अधिक वस्तू असतील तर वेगळा फोल्डर आपोआप तयार होतो. लिनक्सवरच्या केडीईमध्ये ‘गरज असेल तर उपफोल्डर कर’ अशी स्वतंत्र आज्ञाच आहे. पण सेव्हन-झिप किंवा विनरार बसवलेल्या संगणकावर राइट क्लिक केले की ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ आणि ‘एक्स्ट्रॅक्ट टू’ या दोन आज्ञा खालीवर येतात, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली सगळे आहे तिथेच सांडते, दुसरी झिपच्या नावाचा फोल्डर करून त्यात ठेवते. आपल्याकडच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत हेच दोन प्रोग्राम सर्रास दिसतात. आपोआप होते म्हणून विसंबणाऱ्याने आपल्या समोरच्या यंत्रावर नक्की काय होते ते एकदा पाहून घ्यावे.

दुसरा आक्षेप असा की फोल्डरात फोल्डर होतो. बांधणाऱ्याने आत आधीच नीट फोल्डर केलेला असेल, तर आपला नवा फोल्डर, त्यात त्याच नावाचा दुसरा, आणि मग फाइली. त्रास आहे, मान्य. पण तो एका क्लिकचा आहे आणि आतला फोल्डर बाहेर ओढून घेतला की संपतो. सेव्हन-झिपमध्ये तर एकाच नावाची अशी दुहेरी पायरी गाळण्याचा पर्यायही आहे. उलट बाजूची चूक, म्हणजे सांडलेल्या फाइली वेचणे किंवा पुसली गेलेली परत मिळवणे, अशी निस्तरता येत नाही. जागा जास्त लागते हा आक्षेप तर टिकतच नाही. फोल्डरला स्वतःला नगण्य जागा लागते, जागा खातात त्या फाइली, आणि त्या कुठेही सोडल्या तरी तेवढीच खातात. काही नकाशा-सॉफ्टवेअरे झिप न सोडता थेट वाचतात, हेही खरे आहे. एकदा पाहायचे असेल तर तसे जरूर करावे. काम करायचे, बदल साठवायचे, दुसऱ्याला द्यायचे असेल, तर सोडल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी नावे वापरणाऱ्यांसाठी मात्र एक खरी अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. झिप जन्मली तेव्हा फाइलींची नावे जुन्या अमेरिकी संगणकाच्या २५६ चिन्हांच्या तक्त्यात लिहिली जात आणि त्यात देवनागरी नव्हती. युनिकोड नावांची सोय आराखड्यात पुढे आली. म्हणूनच जुन्या विंडोजमध्ये देवनागरी नावाची फाइल झिप करायला गेले की नकार मिळे, आणि जुन्या झिप आजही कधी कधी नावांच्या जागी चौकोन आणि रेघांचा गुंता दाखवतात. आतला मजकूर बहुधा शाबूत असतो. बिघडते ते नाव. त्यात लांबीची मर्यादा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतींत एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी नावाला ती २५५ अक्षरे होतात, मराठीला ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातले हलन्त हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. सरकारी पत्राचा विषय जसाच्या तसा नाव म्हणून देण्याची आपल्या कचेऱ्यांतली सवय इथे आडवी येते: विंडोजवर बांधलेले गाठोडे लिनक्सवर सोडताना नेमकी तीच फाइल अडते. विंडोजवर दुसरी मर्यादा आहे. ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतच्या सगळ्या वाटेला जुन्या नियमाने २६० चिन्हे मिळतात, आणि नवा फोल्डर ही वाट लांबवतो. माझ्या म्हणण्याविरुद्धचा हा एकच आक्षेप मला वजनदार वाटतो. त्याला उत्तर असे की फोल्डर करावा, पण नाव आखूड द्यावे आणि तो ‘डाउनलोड्स’च्या पाच पायऱ्या खाली न करता ड्राइव्हच्या तोंडाशी करावा.

नव्या फोल्डरने सुरक्षितता मात्र विकत घेतल्यासारखी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. झिपमधल्या फाइलीच्या नावातच ‘एक पायरी वर जा’ अशी खूण लिहून ती ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर टाकण्याची युक्ती २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने गाजली. ती अनेक सॉफ्टवेअरांमध्ये चालत होती. विनरारमध्ये एका जुन्या प्रकारचे गाठोडे सोडण्याच्या भागात असाच दोष सुमारे १९ वर्षे राहिला आणि २०१९ मध्ये उघडकीला आला: वापरणाऱ्याने फोल्डर कुठलाही निवडो, फाइल जाऊन बसे ती संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रामांच्या जागी. २०२५ मध्येही त्याच जातीची चूक त्यात दुरुस्त करावी लागली. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. नवी आवृत्ती हाताने घ्यावी लागते. वर्षानुवर्षे तीच जुनी प्रत चालवणाऱ्या दुकानांनी ती आजच बदलावी. ओळख नसलेल्याकडून आलेली झिप नव्या फोल्डरमध्ये सोडली म्हणून ती निर्धोक होत नाही. इतकेच की फोल्डर केलेला असला, तर सोडल्यावर त्यात काय आले ते एका नजरेत दिसते, आणि फोटो म्हणून आलेल्या गाठोड्यातून प्रोग्राम निघाला तर तो चालवण्याआधी लक्षात येतो.

पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. १९ अंशाची रेघ कर्जत तालुक्याला आडवी कापते. कर्जत गाव तिच्या दक्षिणेला आहे, नेरळ उत्तरेला. संपूर्ण कर्जत तालुक्याचा उंचीनकाशा करायचा तर एन१८ई०७३ आणि एन१९ई०७३ अशा दोन झिप लागतात, आणि दोन्ही जाळ्यांच्या घेतल्या तर चार. हे काम हाती घेणाऱ्यांना विनंती आहे की उतरवण्याआधी चार रिकामे फोल्डर करावेत, प्रत्येकाच्या नावात चौकोन, जाळी आणि उतरवल्याची तारीख लिहावी, प्रत्येक झिप तिच्या तिच्या फोल्डरमध्ये सोडावी आणि सोडल्यावर आकार पाहावा. ३० मीटरची असेल तर तो २,५९,३४,४०२ बाइट भरला पाहिजे. ९० मीटरची असेल तर २८,८४,८०२.